लायसन्सिंग करार "येतोय, येतोय" : तोवर छोट्या बायोटेकचे पैसे पुरतील का, हे कसं तपासायचं?

सातारारोड (प्रश्न)

नॅस्डॅकवरची एक छोटी बायोटेक कंपनी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा त्या शेअरच्या भजनी लागेल. औषध एकच. दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल बरे आहेत आणि तिसऱ्या टप्प्यासाठी मोठा भागीदार हवाय, म्हणजे औषधाचे हक्क (लायसन्स) देऊन त्याच्याकडून पैसे घ्यायचे. गेल्या तीन तिमाही कॉलवर तेच वाक्य ऐकू येतं: "अनेक कंपन्यांशी चर्चा सुरू आहे."

शेवटच्या टेन-क्यूतले (अमेरिकी तिमाही अहवाल) आकडे, गोल करून:
रोख ४.१ कोटी डॉलर, तिमाही खर्च १.२ कोटी डॉलर, शेअर ९ कोटी. त्यातले २०% संचालक आणि संचालक मंडळावर माणूस असलेल्या फंडाकडे. भाव ०.८५ डॉलर, गेल्या ६० दिवसांतला सर्वात वरचा बंद भाव ०.९८. 'गोइंग कन्सर्न'चा (कंपनी तग धरेल का, अशी शंका) इशारा छापलेला आहे. एस-३ शेल्फ (नवे शेअर विकायची आधीच करून ठेवलेली नोंदणी) आणि एटीएम, दोन्ही चालू.

करार खरंच जवळ आहे का, हे कागदावरून कळतं का? करार आला तरी भाव पडतो, असं का होतं? बातमीत नेमका कुठला आकडा बघायचा? आणि एलआरएसने (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) घेतलेल्या शेअरांसाठी वेगळं काही सांभाळायचं का?

रसायनी

"चर्चा सुरू आहे" याला शून्य किंमत द्या. गोपनीयता करार करून डेटा रूममध्ये (कंपनीची आतली कागदपत्रं) डोकावून गेलेली कंपनीही त्या 'अनेकां'त मोजली जाते. टर्म शीट (अटींचा कच्चा मसुदा) सहसा बंधनकारक नसते, त्यामुळे ती झाली तरी कळवावं लागत नाही. बंधनकारक करारावर सही झाली की मगच एट-के (महत्त्वाच्या घटनेचा अहवाल) येतो, आयटम १.०१ खाली, चार कामकाजाच्या दिवसांत. म्हणजे 'करार जवळ आलाय' सांगणारा कागद नसतोच. उलट 'तेव्हा तरी जवळ नव्हता' हे सुचवणारा कागद मात्र हाताशी असतो, आणि तो कुणी वाचत नाही.

टेन-क्यूच्या मुखपृष्ठावर शेअरसंख्या असते, ती दाखल करण्याच्या सुमाराची. ताळेबंदातली संख्या तिमाहीअखेरची. दोन्हींची वजाबाकी करा. ताळेबंदात ९ कोटी आणि मुखपृष्ठावर ९.३-९.४ कोटी निघाले, तर मधल्या पाच-सहा आठवड्यांत तेवढे शेअर बाहेर पडलेत. कर्मचाऱ्यांच्या ऑप्शनचे थोडेफार सोडा, बाकी बहुतेक एटीएममधून बाजारात विकलेले. (आपल्या कोपऱ्यावरचं एटीएम नव्हे. दलालामार्फत चालू भावाला थोडे थोडे नवे शेअर विकायची सोय.) 'सबसिक्वेंट इव्हेंट्स' या टिपेत बऱ्याचदा आकडा सरळच दिलेला असतो.

आता गंमत बघा. कंपनीच्या हातात न सांगितलेली महत्त्वाची माहिती असताना तिला एटीएम चालवता येत नाही. वकीलच थांबवतात. त्यामुळे अमुक तारखेपर्यंत एटीएम चालू होतं, तर त्या तारखेला वकिलांच्या मते करार 'महत्त्वाची माहिती' होण्याइतका पुढे गेला नव्हता. उलटं मात्र खरं नाही. एटीएम थंड पडलं म्हणजे करार आला असं नव्हे. भाव पडला म्हणून, मर्यादा संपली म्हणून किंवा चाचणीचा निकाल हातात आला म्हणूनही ते बंद ठेवतात.

"आतले लोक विकत घेत नाहीत, म्हणजे काही नाही" हा तर्कही टाकून द्या. वाटाघाटी पुढे गेल्या की त्यांना खरेदी-विक्रीची बंदी असते, म्हणून फॉर्म ४ (आतल्यांच्या सौद्यांची नोंद) कोरा. वाटाघाटी नसल्या आणि विश्वासही नसला, तरी फॉर्म ४ कोराच.

पैशाचं गणित: ४.१ भागिले १.२ म्हणजे ३.४ तिमाही. पण छोट्या कंपनीचा टेन-क्यू तिमाही संपल्यावर ४५ दिवसांपर्यंत येतो, म्हणजे तुम्ही वाचता तेव्हा अर्धी तिमाही खाऊन झालेली. उरल्या २.९. शिवाय कोणतंही संचालक मंडळ शून्यापर्यंत थांबत नाही. चाचणीतले रुग्ण सोडून देता येत नाहीत, माणसं काढायची तर नुकसानभरपाई, इमारतीचं भाडं. दोन तिमाहींचे पैसे उरले की कपात किंवा 'स्ट्रॅटेजिक अल्टर्नेटिव्हज'ची (कंपनी विकणं, विलीन करणं वगैरे) घोषणा येते. कर्ज असेल तर किमान किती रोख ठेवायची अट आहे, तेही वजा करा. म्हणून तुमच्या कंपनीचं घड्याळ मी तीन तिमाहींचं नाही, एका तिमाहीचं धरतो. आणि समोर बसलेल्या मोठ्या कंपनीलाही हेच गणित येतं. तिला घाई नसते.

एडिसनकर

करार आल्यावर भाव का पडतो, याचं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे.

बाहेरच्या लोकांकडच्या शेअरांचं मूल्य ७.५ कोटी डॉलरच्या खाली असलं, तर एस-३ वर १२ महिन्यांत त्या मूल्याच्या एक तृतीयांशच नवे शेअर विकता येतात. याला तिथे 'बेबी शेल्फ' म्हणतात. मूल्य काढताना गेल्या ६० दिवसांतला वरचा बंद भाव घेता येतो. तुमचं: ९ कोटींतले ८०%, म्हणजे ७.२ कोटी शेअर, गुणिले ०.९८ = ७.०६ कोटी डॉलर. एक तृतीयांश २.३५ कोटी. गेल्या बारा महिन्यांत विकलेलं त्यातून वजा.

आता हा भाव १.०४ च्या वर बंद झाला की ७.२ कोटी शेअरांचं मूल्य ७.५ कोटी डॉलर ओलांडतं आणि एक तृतीयांशाची अट उठते. म्हणजे जिला महिनोन्‌महिने पैसे उभे करता येत नव्हते, तिला चांगल्या बातमीच्या दिवशी अचानक पूर्ण शेल्फ मोकळं होतं. सकाळी करार जाहीर, भाव ६०% वर. दुपारी चारला बाजार बंद. पाचच्या सुमाराला "पब्लिक ऑफरिंग जाहीर" आणि दुसऱ्या सकाळी कालच्या बंदपेक्षा १५-२०% खाली भाव ठरलेला, वर वॉरंट (पुढे ठरल्या भावाला शेअर घ्यायचा हक्क) फुकट. यात लबाडी काही नाही, संचालकांनी ते केलं नाही तर ते चुकले म्हणावं लागेल. पण बातमी वाचून सकाळी उडी मारणारा संध्याकाळी अडकतो तो यामुळेच. एडगरवर (अमेरिकी कंपन्यांचे कागद ठेवणारी सरकारी साइट) ४२४बी५ नावाचा कागद, म्हणजे शेअरविक्रीचं माहितीपत्रक, दिसला की समजायचं.

एक डॉलरची भानगडही आहे. सलग ३० कामकाजाचे दिवस बंद भाव १ डॉलरखाली राहिला की नॅस्डॅकची नोटीस येते, सुधारायला १८० दिवस मिळतात, आणि सुटका व्हायला सलग १० दिवस १ डॉलर किंवा वर बंद लागतो. भागधारकांच्या सभेच्या कागदात रिव्हर्स स्प्लिटची (अनेक शेअर एकत्र करून एक, म्हणजे भाव वर) मंजुरी मागितली आहे का बघा. मागच्या वर्षभरात एकदा स्प्लिट केला असेल, तर हे १८० दिवस आता मिळतच नाहीत.

सातारारोड

म्हणजे १.०४ वर कंपनीच विकणारी होऊन बसेल? मग बातमीच्या दिवशी करायचं काय?

एडिसनकर

बसेलच असं नाही, बसू शकते. अपफ्रंट (करार होताच मिळणारी) रक्कम वर्ष-दीड वर्षाचा खर्च भागवण्याइतकी असली, तर घाई नसते. नसेल तर अर्धा हिस्सा तेजीत सोडायचा हे आधीच ठरवून ठेवा, त्या दिवशी डोकं चालत नाही.

व्यवहाराचं सांगतो. अशा बातम्या बहुतेक पूर्वेकडच्या वेळेनुसार सकाळी ६ ते ८ मध्ये येतात. भारतात उन्हाळ्यात दुपारी ३:३० ते ५:३०, हिवाळ्यात एक तास पुढे. बाजार उघडतो ७ ला, हिवाळ्यात ८ ला. बऱ्याच भारतीय ॲपांवर बाजारापूर्वीचे सौदे होत नाहीत, त्यामुळे तुम्ही रांगेत मागेच. मार्केट ऑर्डर टाकून ठेवू नका, उघडताना खरेदी-विक्रीच्या भावात २०-२५ सेंटची दरी असते. लिमिट ऑर्डरच.

आणि आपल्यासारखं दिवसभराचं सर्किट तिथे नाही. ०.७५ ते ३ डॉलरच्या शेअरला साधारण २०% ची पट्टी असते (उघडण्याच्या पहिल्या १५ मिनिटांत दुप्पट), पट्टीला १५ सेकंद चिकटून राहिला की पाच मिनिटं थांबतो आणि पुन्हा सुरू. एका सकाळी पाच-सहा वेळा थांबू शकतो. बातमीसाठी थांबवला असेल तर कोड टी१ दिसतो.

लॅबकोट

बातमीतला आकडा. मथळ्यातला "अप टू" बघून हिशोब मांडणं म्हणजे बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. त्या रकमेत चाचणीचे, मंजुरीचे, विक्रीचे सगळे माइलस्टोन (टप्पा गाठला तरच मिळणाऱ्या रकमा) धरलेले असतात. विक्रीचे माइलस्टोन सहसा औषध वर्षाला अमुक कोटी डॉलरचं खपल्यावर मिळतात. हातात येते ती अपफ्रंट. एकूण रकमेशी तिचं प्रमाण काढा.

कॅलिफोर्नियाची सांगामो बघा. भागीदाराच्या बातमीची वाट बघणं म्हणजे काय, हे तिच्या भागधारकांइतकं कुणाला ठाऊक नसेल. डिसेंबर २०२४ मध्ये ॲस्टेलासशी करार: १३० कोटी डॉलरपर्यंत, अपफ्रंट २ कोटी. म्हणजे दीड टक्का. एप्रिल २०२५ मध्ये एली लिलीशी: १४० कोटींपर्यंत, अपफ्रंट १.८ कोटी, सव्वा टक्का. दोन्ही करार मेंदूपर्यंत जनुक पोचवणाऱ्या कॅप्सिडचे (विषाणूचं कवच). तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली हे खरं, पण लोक वाट बघत होते ती फॅब्री आजाराच्या जनुकोपचाराला भागीदार मिळण्याची, आणि २०२५ मध्ये तो शोध चालूच राहिला. 'करार झाला' आणि 'आपण ज्याची वाट बघत होतो तो करार झाला', यात फरक करायला शिका.

दुसऱ्या टोकाला आपल्या ग्लेनमार्कची उपकंपनी आयजीआय. जुलै २०२५, ॲबव्हीशी आयएसबी २००१ चा करार. हे मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरचं तीन लक्ष्यांना धरणारं प्रतिपिंड तेव्हा पहिल्याच टप्प्यात होतं. अपफ्रंट ७० कोटी डॉलर, माइलस्टोन १२२.५ कोटींपर्यंत, वर दोन अंकी रॉयल्टी. प्रमाण ३६%. उत्तर अमेरिका, युरोप, जपान आणि चीनकडचा भाग ॲबव्हीला, उदयोन्मुख बाजार ग्लेनमार्ककडे. औषधामागे दोन-तीन मोठ्या कंपन्या लागल्याशिवाय असं प्रमाण मिळत नाही, असं माझं मत.

बातमीच्या कागदात पुढे हे शोधा: अपफ्रंटमध्ये सगळी रोख आहे की काही शेअरखरेदी. 'निअर टर्म' शब्द असेल तर त्यात लवकरचा माइलस्टोन मिसळलेला आहे. तिसऱ्या टप्प्याचा खर्च कुणाचा? हे सगळ्यात मोठं. ३ कोटी अपफ्रंट मिळाले आणि चाचणी तुमच्याच गळ्यात राहिली, तर तो तुमच्या कंपनीचा अडीच तिमाहींचा शिधा. शिवाय मूळ पेटंट विद्यापीठाचं असेल, तर सबलायसन्सच्या (हक्क पुढे दिल्याच्या) पैशांतला हिस्सा विद्यापीठाला जातो. टक्केवारी टेन-केमध्ये (वार्षिक अहवाल) 'लायसन्स ॲग्रीमेंट्स'खाली असते, कधी एक अंकी, कधी वीसच्या पुढे.

आणि पाठ फिरवायचं कलम. बहुतेक करारांत मोठी कंपनी विनाकारण, ९० किंवा १८० दिवसांची सूचना देऊन बाहेर पडू शकते. पूर्ण करार पुढच्या टेन-क्यू वा टेन-केला जोडलेला येतो. रकमा तारे टाकून झाकलेल्या असतात, पण हे कलम बहुधा उघडं असतं. पुन्हा सांगामोच: हिमोफिलिया ए चा जनुकोपचार, फायझरकडे, तिसऱ्या टप्प्याचा निकाल जुलै २०२४ मध्ये यशस्वी. तरी डिसेंबर २०२४ च्या अखेरीस फायझरने औषध परत केलं. शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली. निकाल चांगला असूनही. त्याआधीचं मोठं उदाहरण नेक्टारचं: फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिस्टल मायर्सने १०० कोटी डॉलर रोख दिले आणि वर ८५ कोटींचे शेअर १०२.६० डॉलरने घेतले. २०२२ मध्ये चाचण्या फसल्या आणि कार्यक्रम गुंडाळला.

करार सहीच्या तोंडावर मोडतो तो बहुधा परिणामकारकतेवरून नाही, कारखान्यावरून. दुसऱ्या टप्प्याचं औषध एका ठिकाणी बनलं, तिसऱ्याचं दुसरीकडे बनणार, आणि दोन्ही सारखं आहे हे दाखवणारा डेटा नाही. भागीदार म्हणतो, आधी तुलना करून आणा. गेले सहा-नऊ महिने. दुसरं कारण पेटंटची उरलेली वर्षं. मंजुरीनंतर सात-आठ वर्षंच उरत असतील तर समोरचा किंमत पाडतो.

घाटकोपरचा

रसायनींच्या एटीएमच्या मुद्द्याला एक पुरवणी. वाटाघाटी 'महत्त्वाची माहिती' कधी होतात, याला ठरलेली रेषा नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये बेसिक विरुद्ध लेव्हिन्सन खटल्यात शक्यता गुणिले परिणाम असा निकष दिला. छोट्या कंपनीला करार म्हणजे जीवनमरण, त्यामुळे परिणाम मोठा आणि रेषा लवकर ओलांडली जाते. म्हणून हा संकेत छोट्या कंपनीतच जास्त उपयोगी.

आणि गुंतवणूकदार विभागाला ईमेल करून काही निघत नाही. निवडक लोकांना आधी सांगायला बंदी आहे. "त्यांनी मला सूचक उत्तर दिलं" असं कुणी लिहिलं, तर तो स्वतःला फसवतोय किंवा तुम्हाला. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जे. पी. मॉर्गन परिषदेला कंपनी जाणार, हीसुद्धा बातमी नाही. सगळेच जातात.

सीए_नाशिक

एलआरएसचं थोडक्यात, कारण धागा मुख्यतः त्याचा नाही.

वर्षाला माणशी २.५ लाख डॉलर. १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर २०% टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर), तो पुढे कराच्या हिशोबात मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. मार्जिनसाठी एलआरएसने पैसे पाठवायला मनाई आहे, तेव्हा उधारीवर ॲव्हरेज करायचा विचार सोडा.

अमेरिकी शेअर आपल्या कायद्यात असूचीबद्ध धरले जातात. २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवले तर १२.५%, त्याच्या आत तुमच्या स्लॅबने. रुपयात बदलताना विक्रीच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यांतून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच.

लोक चुकतात ते शेड्यूल एफएमध्ये (विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता). तो जानेवारी ते डिसेंबर असा भरायचा, आर्थिक वर्षाने नाही. शेअर मातीमोल झाला तरी दाखवायचा, वर्षात घेऊन विकून टाकला तरी दाखवायचा. रिव्हर्स स्प्लिट झाला तर संख्या बदलते पण खरेदीची तारीख आणि एकूण किंमत तीच राहते. ॲपवर सरासरी भाव चुकीचा दिसतो, जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट जपून ठेवा. नॅस्डॅकवरून काढून ओटीसीवर (मुख्य शेअर बाजाराबाहेरचे सौदे) गेला, तर अनेक ॲपांवर फक्त विकता येतं, तेही फोनाफोनी करून.

घाटकोपरचा

भारतीय शेअरमध्ये असाच खेळ असेल तर नियम वेगळे, एवढं लक्षात ठेवा. सेबीच्या नियम ३० खाली संचालक मंडळाच्या बैठकीतला निर्णय ३० मिनिटांत (बैठक बाजाराच्या वेळेनंतर संपली तर ३ तासांत), कंपनीतून उगवलेली घटना १२ तासांत, बाहेरून आलेली २४ तासांत कळवायची. अमेरिकेतल्या चार दिवसांपुढे हे कडक. अफवेची पुष्टी किंवा इन्कार करण्याचं बंधन मात्र वरच्या २५० कंपन्यांनाच. स्मॉल-कॅप औषध कंपनीबद्दल टेलिग्रामवर "मोठा लायसन्सिंग करार" फिरत असेल आणि कंपनी गप्प असेल, तर त्या गप्प राहण्याला काही अर्थ नाही. तिला बोलायचं बंधनच नाही.

सातारारोड

वजाबाकी केली. ताळेबंदात ९ कोटी, मुखपृष्ठावर ९.३६ कोटी. टिपेत लिहिलंय: तिमाहीनंतर एटीएममधून ३४ लाख शेअर, सुमारे ३१ लाख डॉलर. त्याआधीच्या अकरा महिन्यांत काही विकलेलं नाही. विद्यापीठाचा हिस्सा १५% निघाला.

रसायनी

म्हणजे टेन-क्यूच्या सुमारापर्यंत तरी करार 'महत्त्वाचा' झाला नव्हता. ३१ लाख म्हणजे त्यांचा तीन-साडेतीन आठवड्यांचा खर्च, घड्याळ फारसं हललं नाही.

एडिसनकर

आणि माझी रेषा बदला. बाहेरच्या लोकांकडचे शेअर आता ७.२ नाही, ७.५६ कोटी. ०.९८ ने मूल्य ७.४१ कोटी, एक तृतीयांश २.४७, त्यातून ३१ लाख गेले की २.१६ कोटी शिल्लक. अट उठायचा भाव १.०४ वरून ०.९९ वर आलाय. त्याला करार लागत नाही, एखादा बरा दिवस पुरतो.